सरकारची जन्मवेळ

हिंमतरावाला दोनच वाक्यं बिनचूक बोलता यायची: ‘विचारून सांगतो’ आणि ‘उद्या या’. कचेरीत कारकून म्हणून लागल्यावर पहिल्याच महिन्यात त्याने ती पाठ केली आणि तेवढ्या भांडवलावर त्याची नोकरी कायम झाली. त्याचं नाव ठेवताना आईबापांनी जरा घाई केली, असं नंदुरबारात सगळ्यांचं मत होतं.

लढाई सुरू व्हायच्या आदल्या हिवाळ्यात तो आणेवारीच्या कामाला धानोऱ्याला गेला आणि भिला पाटलाच्या ओट्यावर टेकला. पाटलाची मुलगी कौसा पाण्याचा तांब्या घेऊन आली. हिंमतराव तांब्याकडे बघत राहिला, कारण तिच्याकडे बघायची सोय नव्हती.

“पानी पी ल्या,” कौसा म्हणाली. “का तेबी साहेबले इचारनं पडी?”

हिंमतराव पाणी प्यायला, ठसकला, आणि घरी येऊन आईला म्हणाला की लग्न करीन तर तिच्याशीच. कुणाला न विचारता त्याने उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. दगूबाईने आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

भिला पाटील तयारच होता. जमीन होती, बैल होते, विहिरीला पाणी होतं. नव्हता तो पगारी जावई. “पीक बुडस, पाऊस बुडस, सरकारना पगार बुडत नही,” हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. अडचण एकच. कौसाच्या पत्रिकेत सातव्या घरात मंगळ होता. जोशीबुवांच्या शब्दांत, पाय पसरून बसलेला.

हे जोशीबुवा नंदुरबारचे. त्यांचं भविष्य सहसा चुकत नसे. घटना सांगायचे तेव्हा ते तारीख सांगत नसत, आणि तारीख सांगायचे तेव्हा घटना.

“हिचा पहिला नवरा टिकायचा नाही,” ते म्हणाले.

“मंग मन्हा पोऱ्याले पैला नका करा, महाराज,” दगूबाई म्हणाली. “दुसरा करा.”

हे शास्त्राला धरूनच होतं. मंगळाच्या मुलीचं आधी मडक्याशी लग्न लावतात. मग ते मडकं नदीत सोडतात. मंगळाचा राग मडक्यावर निघतो आणि माणसाला मागाहून निवांत संसार करता येतो. वैशाखात मडकं आणलं, हळद लावली, मुंडावळ्या बांधल्या. मंगलाष्टकं अर्ध्यावर आली आणि मडकं तडकलं. अंतरपाट अजून धरलेलाच होता. म्हणजे नवरदेव लग्नाआधीच गेला, लग्न लागलंच नाही, आणि मंगळ होता तसा शिल्लक.

“लई दमदार शे,” मांडवातली माणसं कौतुकाने म्हणाली. हिंमतराव खांब धरून उभा होता.

“मातीचा नवरा हिला पुरायचा नाही,” जोशीबुवा म्हणाले. “विष्णूची सोन्याची मूर्ती करा.”

सोन्याचं नाव निघताच भिला पाटलाला शास्त्रात रस उत्पन्न झाला.

“महाराज, राजा म्हंजे विष्णुना अंश ना?”

“होय तर.”

“मंग विष्णु मन्हा कनवटीले शे,” असं म्हणून पाटलाने कनवटीचे तीन रुपये काढून पाटावर मांडले.

जोशीबुवांनी पोथी चाळली. चांदीचा राजा चालत नाही असं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

बायका स्थळं पाहायला बसल्या. पहिला रुपया राणीछाप निघाला. “हाई ते बाई शे,” म्हणून पाटलीण गजराबाईने तो परत केला. दुसऱ्यावर उघड्या डोक्याचा राजा होता, आणि डोक्यावर केसही जेमतेम. “बोडका नवरदेव? लोके काय म्हनतीन?” तिसऱ्यावरच्या राजाला मुकुट होता, दाढी बेताने कातरलेली होती, चेहऱ्यावर जावयाला शोभेल असा कंटाळा होता. तो सगळ्यांना पसंत पडला. कौसाला कुणी विचारलं नाही. तरी ती म्हणाली, “बोलस कमी. चाली.”

आता पत्रिका जुळवायला हवी होती. रुपयाची पत्रिका म्हणजे सरकारची पत्रिका. सरकारचा जन्मदिवस जोशीबुवांना ठाऊक होता: राणीचा जाहीरनामा निघाला तो. जन्मवेळ मात्र कुणालाच ठाऊक नव्हती. ती काढून आणायचं काम हिंमतरावावर आलं. त्याने कचेरीत अव्वल कारकुनाला विचारलं, “रावसाहेब, आपलं सरकार किती वाजता सुरू झालं?”

अव्वल कारकुनाने चष्मा कपाळावर सारला. “इथे नोकरी करतोस आणि वेळ ठाऊक नाही? अकराला.”

तेव्हा सकाळी अकराची जन्मवेळ धरून जोशीबुवांनी सरकारची कुंडली मांडली आणि चार लोकांत वाचून दाखवली. “धनु लग्न. धनस्थानात उच्चीचा मंगळ. दुसऱ्याच्या घरात भांडण काढून श्रीमंत होणार. लाभस्थानात रवी, पण नीचेचा. कमाई भरपूर, कशी ते विचारू नये.” ज्यांचा जोतिषावर काडीचाही विश्वास नव्हता, त्यांनाही हे अक्षरन् अक्षर पटलं.

लग्न लागलं. रुपया तडकला नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे प्रकाशा गावाला तापीवर गेले. अशा वेळी खऱ्या नवरदेवाने जायची रीत नाही. हिंमतराव गेला, कारण त्याला घरी दम निघेना. भिला पाटील कमरेएवढ्या पाण्यात उतरला. मूठ पाण्यावर धरली, डोळे मिटले. मूठ काही उघडेना. पाटलाने उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने सोडवायचा प्रयत्न केला, तेव्हा डावा हातही तिला जाऊन मिळाला. मग त्याने डोळे उघडले. तो गावचा पोलीस पाटील होता, हे त्याला एकाएकी आठवलं.

“भाऊसाहेब,” त्याने काठावरच्या हिंमतरावाला हाक मारली, “तुम्ही सरकारना मानूस. राजानं तोंड पानीमा बुडावनं, हाई कायदामा बसस का?”

सगळ्यांनी हिंमतरावाकडे पाहिलं. कौसानेही पाहिलं. ‘बसतं’ एवढंच म्हणायचं होतं. हिंमतरावाने तोंड उघडलं. शब्द जुळवायला वेळ लागला, आणि तेवढ्यात सवयीने आपलं काम केलं.

“विचारून सांगतो.”

कौसाने कपाळावर हात मारून घेतला. भिला पाटील पाण्यातून बाहेर आला. रुपया पुसला आणि कनवटीला लावला.

जोशीबुवांनी परतीच्या गाडीत निकाल दिला. नवरा बुडवला नाही, म्हणजे तो जिवंत आहे. तो आपल्या मरणाने मरेपर्यंत कौसाचं दुसरं लग्न नाही.

“महाराज, रुपया मरस का?” दगूबाईने विचारलं.

“ज्याला जन्मवेळ आहे, त्याला मरण आहे.”

हिंमतराव रात्रभर विचार करत राहिला. सरकार जगलं तर रुपया जगणार, मग कौसा मिळणार नाही. सरकार मेलं तर रुपया मरेल, पण पगारही मरेल, मग भिला पाटील कौसा देणार नाही. एकच वाट उरत होती. सरकार जगावं, पगार चालू राहावा आणि रुपया तेवढा मरावा. असा योग असतो का, हे विचारायला तो दर रविवारी जोशीबुवांकडे जाऊ लागला. सरकारची पत्रिका इतक्या काळजीने विलायतेतही कुणी पाहत नसेल.

मग लढाई पेटली. पुढच्या उन्हाळ्यात विलायतेकडून एकेक राज्य पडल्याच्या बातम्या येऊ लागल्या. सकाळी नाव कळायचं, संध्याकाळी ते राज्य पडलेलं असायचं. जोशीबुवांच्या ओसरीवर गर्दी व्हायला लागली.

“मेष ही विलायतेची रास,” ते सांगायचे. “तिथे शनी आलाय. मेषेतला शनी नीचेचा. आता त्याच्या जोडीला गुरू येतोय. गुरू म्हणजे खजिना. शनी खजिन्याच्या मानगुटीवर बसणार. चांदी आत जाईल, कागद बाहेर येईल.”

लोकांनी एवढंच ऐकलं आणि घरी जाऊन नोटा काढल्या. खापर गावापासून धडगावपर्यंतची माणसं नोटा घेऊन नंदुरबारात उतरली. सगळ्यांना कलदार, चांदीचे रुपये हवे होते. रतनलाल सराफाच्या दुकानापुढे रांग लागली. रतनलालने दुकानाला आतून कडी घातली आणि खिडकीतून सांगितलं, “सेठ गाँव गया है.” लोक म्हणाले, “मंग तू कोन शे?” तो म्हणाला, “मी विचारून सांगतो.” हे वाक्य तोवर गावात सगळ्यांचंच झालं होतं.

बाजारातून रुपये दिसेनासे झाले. चिल्लरही गेली. पानवाला मोडीऐवजी सुपारी द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी तीच सुपारी परत घ्यायला नकार द्यायचा. शेवटी सरकारने एक रुपयाची कागदी नोट काढली. जोशीबुवा एका रात्रीत मोठे झाले.

मामलेदारसाहेबांनी हिंमतरावाला बोलावलं.

“तू बाजारात विचारत फिरतोस म्हणे, सरकारचा रुपया कधी मरणार?”

“हो, साहेब.”

“लढाईच्या दिवसांत असली अफवा म्हणजे तुरुंग. कारण काय?”

“लग्न करायचंय, साहेब.”

साहेबांनी हे लिहून घेतलं. वाचून पाहिलं. खोडलं. मग उठून दार लोटलं आणि हळूच विचारलं, “आणि जोशी काय म्हणतो?”

दुसऱ्या दिवशी साहेबांचा पट्टेवाला नवलसिंग रतनलालच्या दुकानापुढच्या रांगेत पहिला उभा होता. चौकशी तिथेच मिटली.

धानोऱ्यात रुपयाची बडदास्त चालू होती. तो घरचा जावई होता. दिवाळीला त्याला उटणं लावून अंघोळ घालायचे, संक्रांतीला तिळगूळ ठेवायचे. धोंड्याचा महिना आला तेव्हा त्याला रीतीप्रमाणे अनारशांचं वाण दिलं, आणि जावयाला चावता येत नाही म्हणून भिला पाटलाने ते स्वतः खाल्लं. मंगळवारच्या बाजाराला कौसा नंदुरबारला यायची. हिंमतराव भाजीच्या ओळीत मेथीच्या आड उभा राहायचा.

“तब्येत कशी आहे त्यांची?” तो विचारायचा.

“मन्हा मालकनी? ठनठनीत. काल आबानी जमिनीवर वाजाडी पाह्यना.” मग ती मेथी निवडत म्हणायची, “तुमनी कशी शे?”

“माझी बरी आहे.”

“तेच ते.”

एक दिवस कचेरीत हुकूम आला की जुना रुपया चलनातून जाणार. हिंमतरावाने कागद घाईघाईने उलगडला. वाचलं तर राणीछाप. राणी गेली. तो खाली बसला.

पुढच्या साली दुसरा हुकूम आला. बोडका राजा. बायकांनी त्या दिवशी डोक्यावरच्या केसांकडे एवढं लक्ष दिलं नसतं तर हिंमतरावाचं लग्न त्याच महिन्यात लागलं असतं. त्याने हा विचार आईला बोलून दाखवला. दगूबाई म्हणाली, “तुन्हा बापबी बोडका व्हता. काई व्हत नही.” मग तेव्हा गप्प का बसली होती, असं त्याने विचारलं, तर तिने पोळी तव्यावर टाकली.

त्या साली श्रावणाच्या शेवटी नंदुरबारात मिरवणुकीवर पोलिसांचा गोळीबार झाला आणि शाळकरी पोरं गेली. त्याबद्दल गंमत सांगण्यासारखं काही नाही. जोशीबुवांनी त्या दिवशी पत्रिका उघडली नाही. ओसरीवर कुणीतरी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “हे ग्रहांवर घालू नका.” महिनाअखेरीस हिंमतरावाने पगार घेतला, आणि घरी येईपर्यंत तो खिशात न ठेवता हातात धरून आणला. पुढच्या बाजाराला कौसाने मेथीची जुडी उचलली. जाताना एवढंच म्हणाली, “सरकार मरो का ऱ्हावो. तुम्ही वावर करशात ना?”

“करीन,” हिंमतराव म्हणाला. विचारून सांगतो म्हणाला नाही. हे दोघांच्याही लक्षात आलं.

भिला पाटलाला मात्र पगारच हवा होता.

चैत्रात जोशीबुवांनी हिंमतरावाला घरी निरोप धाडून बोलावलं. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. “राहू कर्केत आलाय,” ते म्हणाले. “सरकारच्या अष्टमात. मृत्युस्थान. पण लग्नेश गुरू अजून सांभाळून आहे. देह जाणार नाही. वस्त्र जाईल.”

“म्हणजे?”

“सरकार जगेल. मुकुट उतरेल.”

वैशाखाच्या तोंडावर मुकुटवाल्याचा हुकूम आला. हिंमतरावाने तो साहेबांना दाखवायच्या आधी दोनदा छातीशी धरला. फक्त हुकुमाच्या शेवटी एक शेपूट होतं: बाजारात चालणार नाही, पण मुदतीपर्यंत खजिन्यात आणून दिला तर बदल्यात नोट मिळेल.

“म्हणजे अंथरुणाला खिळलाय,” जोशीबुवांनी अर्थ लावला. “मुदतीच्या आत नोट घेतली तर जीव कागदात जाईल. काया पालटली, नवरा तोच. मुदत टळली तर मात्र सुटला.”

हे नोटेचं कलम भिला पाटलापर्यंत पोचू नये म्हणून हिंमतरावाने सहा महिने देवाला नवस केले. धानोऱ्यात दवंडी द्यायला त्याने मुद्दाम खोकला झालेला माणूस पाठवला.

मुदतीचा शेवटचा दिवस दिवाळीच्या तोंडावर आला. खजिन्याच्या खिडकीवर हिंमतराव होता. दिवसभर गर्दी होती, संध्याकाळी ओसरली. बाहेर नवलसिंग कचेरीचा तास वाजवायला हातोडी घेऊन घड्याळाकडे बघत होता. आणि खिडकीत भिला पाटलाचा हात आला. तळहातावर मुकुटवाला होता, उटण्याने चकचकीत. पाटलाच्या मागे कौसा उभी होती.

“नोट द्या, भाऊसाहेब,” पाटील म्हणाला. “आजना दिन शे ना शेवटना? त्या खोकल्याना मानूसनी सांगं, पन मी समजी गऊ.”

“आबा,” हिंमतराव म्हणाला, “जोशीबुवा काय म्हणाले ते माहीत आहे ना? नोट घेतली तर नवरा जिवंत राहतो. तुमची पोरगी...”

“पोर मन्हीच शे. रुपयाबी मन्हाच शे. तिले आनखी दोन वरीस थांबता येस. याले नही येत.”

कायद्याने नाही म्हणायची सोय नव्हती. रुपया खरा होता, मुदत संपली नव्हती, खिडकी उघडी होती. हिंमतरावाने पेटीतून एक रुपयाची नोट काढली. ती पेटीबाहेर येताना त्याला फार जड वाटली.

तेवढ्यात कौसा पुढे आली. तिने बापाच्या तळहातावरचा रुपया उचलला आणि उजेडाकडे धरला.

“आबा, दखा,” ती शांतपणे म्हणाली. “चार वरीसना उटनानी राजानं नाकबी झिजी गयं. असा झिजेल रुपया चालस का? भाऊसाहेब, तुम्हले साहेबले इचारनं पडी ना?”

हिंमतरावाने तिच्याकडे पाहिलं. तांब्याची सोय नव्हती, म्हणून सरळ तिच्याकडेच पाहिलं. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू कारकून उगवला.

“हो,” तो म्हणाला. “विचारून सांगतो.”

नोट पेटीत गेली. हिंमतराव उठला, दार ढकलून आत गेला. साहेब दुपारीच घरी गेले होते. मधल्या खोलीत पाण्याचा माठ होता. त्याने पेला भरला आणि अगदी सावकाश प्यायला. दुसरा भरला. तोही प्यायला. माठाच्या गळ्याला चीर होती, तिच्यावरून बोट फिरवलं. बाहेर भिला पाटील हाका मारत होता. हिंमतराव तिसरा पेला भरत असताना नवलसिंगने तास वाजवला.

तो परत खिडकीत आला.

“काय म्हने साहेब?” पाटलाने विचारलं.

“वेळ संपली, आबा,” हिंमतराव म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या आवाजात हिंमत होती. “उद्या या.”

खिडकी बंद झाली.

भिला पाटील पायरीवर बसला आणि त्याने कारकुनांच्या सात पिढ्या काढल्या. तेवढ्या काढून झाल्यावर तो मेलेला रुपया घेऊन रतनलालच्या दुकानात गेला, निदान चांदीचे काय येतात ते पाहायला. रतनलालने तराजूत टाकला, वजन सांगितलं आणि भाव सांगितला. लढाईने चांदी इतकी चढली होती की मेलेला रुपया जिवंत रुपयापेक्षा महाग होता. पाटलाने दोनदा विचारून खात्री केली. मग रुपया हातात घेऊन उलटसुलट पाहिला. जावयाला विनाकारण चार वर्षं जगवलं, असं काहीतरी त्याच्या मनात आलं असावं.

“ईकस?” रतनलालने विचारलं.

“नही,” पाटील म्हणाला. “मन्ही पोरना शे. तिनी जोडवी कर.”

दगूबाईने जोशीबुवांना विचारलं, की रुपयाचं सुतक धरायचं का. जोशीबुवा म्हणाले, कचेरीच्या खिडकीत मेला, सुतक कचेरीला. तुळशीचं लग्न उरकल्यावर धानोऱ्याला मांडव पडला. या खेपेला मुहूर्त सकाळी अकराचाच निघाला. मांडवात पाण्याचा एकही माठ ठेवला नव्हता, दगूबाईची तशी अटच होती. पाहुणे तहानलेले राहिले, पण काही तडकलं नाही.

जोडवी सोनाराने वितळवून न करता ठोकून केली होती, आणि जरा आळसाने. डाव्या पायातल्या जोडव्याच्या आतल्या अंगाला मुकुटाचं एक टोक तसंच राहून गेलं. चालताना ते टोचतं, असं कौसा सांगायची.

“घासून काढू का?” हिंमतराव विचारायचा.

“ऱ्हाऊ द्या,” कौसा म्हणायची. “मानूस चांगला व्हता. टाइमवर मरना.”